सामायिक तंबोरा : संगणकाच्या अंतर्गत व्यवस्थेतील एक धडा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण. फळ्यावर काढलेल्या आकृत्या येथे देणे शक्य नसल्याने त्या जागी थोडे अधिक विवरण केले आहे.)



व्याख्यानमालेचे निमंत्रण देताना मंडळाच्या कार्यवाहांनी आम्हांस दोन अटी घातल्या. संगणकावर बोलावे, ही पहिली. आणि घरातल्या आजीपासून नातवापर्यंत सर्वांना समजेल असे बोलावे, ही दुसरी. पहिली अट पाळणे आम्हांस अवघड नव्हते, कारण नोकरीची सारी वर्षे त्याच विषयात गेली. दुसऱ्या अटीने मात्र आमची झोप उडविली. पुष्कळ विचारांती आम्ही असे ठरविले, की संगणकाच्या मोठमोठ्या चमत्कारांविषयी बोलू नये. ते आपण रोज वर्तमानपत्रांत वाचताच. त्याऐवजी संगणकाच्या पोटात अहोरात्र चालणारे, कोणाच्याही ध्यानात न येणारे, एक लहानसे घरगुती काम आपल्यापुढे मांडावे. ते काम म्हणजे एकाने ठेवलेली वस्तू दुसऱ्याच्या हाती न पडू देता, ज्याची त्याला जशीच्या तशी परत करणे. ऐकावयास हे सोपे वाटते. परंतु या कामात आमच्या हातून एकदा चूक झाली आणि तिची शिक्षा एका निरपराध सहकाऱ्याला भोगावी लागली. आणि अगदी अलीकडे, 2018 साली, याच कामातील एका जुन्या सवयीमुळे जगभरच्या संगणकतज्ज्ञांना धावपळ करावी लागली. या दोन्ही गोष्टी आज सांगावयाच्या आहेत.

आरंभ एका परिचित दृश्याने करू. आपल्या मंडळाच्या संगीतसभांतून तंबोऱ्याची जोडी आपण पाहिली आहे. समजा, सभेला दोन गायिका आहेत आणि तंबोऱ्यांची जोडी मात्र एकच आहे. एकीचा सूर काळी चार, आणि ती मालकंस गाणार, म्हणून पहिली तार मध्यमात मिळविलेली. दुसरीचा सूर पांढरी पाच, तिला पंचम हवा. आता अशी विचित्र सभा कल्पावी, की दोघींनी पाच-पाच मिनिटे आळीपाळीने गावयाचे आहे, आणि तरीही प्रत्येकीला असे वाटावयास हवे, की तंबोरे आपल्या एकटीचेच आहेत, त्यांना दुसऱ्या कोणाचा हात लागलेलाच नाही. हे साधावयाचे तर प्रत्येक अदलाबदलीच्या वेळी कोणीतरी जाणत्याने पहिलीची जुळणी नोंदवून ठेवावी, दुसरीची जुळणी करून द्यावी, आणि पहिली परत आली की तिची जुळणी पुन्हा तंतोतंत उभी करावी. संगणकात हा जाणता म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, आपल्या भाषेत कार्यप्रणाली. गायिका म्हणजे निरनिराळे प्रोग्राम. आणि तंबोरे म्हणजे प्रोसेसरमधील, अपूर्णांकांचे गणित करणारा विभाग.

या विभागाची थोडी ओळख करून घेणे आवश्यक आहे. पृथ्वीपासून सूर्य सुमारे 15 कोटी किलोमीटर दूर आहे. आणि हायड्रोजनच्या अणूचा व्यास मीटरच्या एक हजार कोटीव्या भागाच्या आसपास असतो. इतक्या भिन्न आकारांच्या संख्या तेवढ्याच जागेत लिहावयाच्या, तर एकच उपाय उरतो : महत्त्वाचे अंक निराळे लिहावे, आणि दशांशचिन्ह कोठे द्यावयाचे ते निराळे लिहावे. चिन्हाची जागा ठरलेली नसते, ते जणू अंकांवर तरंगते. म्हणून या पद्धतीला फ्लोटिंग पॉइंट, तरता बिंदू, असे नाव पडले. शास्त्रीय गणिते, पुलाची आकडेमोड, हवामानाचा अंदाज, इतकेच काय, आपल्या हातातील दूरध्वनीवर दिसणारे छायाचित्र, या सर्वांमागे अशाच संख्या असतात.

इंटेल कंपनीचा 8086 हा प्रोसेसर 1978 साली आला, तेव्हा त्याला हे गणित स्वतः करता येत नसे. त्यासाठी 1980 साली 8087 नावाची निराळी चिप निघाली. ज्याला गरज असेल त्याने ती विकत घ्यावी आणि शेजारच्या रिकाम्या जागेत बसवावी. 1981 च्या आय.बी.एम. पर्सनल कॉम्प्युटरमध्ये अशी रिकामी जागा मुद्दाम ठेवलेली असे. या 8087 मध्ये आठ रजिस्टरे होती. रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या अगदी हाताशी असलेला कप्पा. चालू गणितातील संख्या त्यात ठेवतात. प्रत्येक कप्पा 10 बाइटांचा, म्हणजे आठांचे मिळून 80 बाइट. शिवाय आणखी 14 बाइटांत काही बारीकसारीक नोंदी असत. एकंदर 94 बाइट. तंबोऱ्याची सगळी जुळणी एवढ्यात मावत असे.

त्या 14 बाइटांतील एका नोंदीकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. एकाला तीनने भागले तर उत्तर कधी संपत नाही. कोठेतरी तोडावेच लागते. तोडताना जवळच्या अंकाकडे न्यावे, की वर न्यावे, की खाली न्यावे, की पुढचे सरळ टाकून द्यावे, हे प्रोग्रामने ठरवावयाचे असते, आणि ते त्या नोंदीत लिहिलेले असते. कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम काहान यांनी या साऱ्या नियमांना शिस्त लावण्यासाठी फार परिश्रम घेतले. त्यांतून 1985 साली या गणिताचे सर्वमान्य मानक सिद्ध झाले, आणि 1989 साली काहान यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

अंक तोडण्याचा एवढा काय मोठा प्रश्न, असे कोणी म्हणेल. त्यासाठी एक सत्यकथा सांगतो. कॅनडातील व्हँकुव्हर शेअर बाजाराने जानेवारी 1982 मध्ये 1000 या आकड्यापासून आपला निर्देशांक सुरू केला. दिवसातून हजारो वेळा तो नव्याने मोजला जाई, आणि प्रत्येक वेळी तिसऱ्या दशांश स्थळापुढचे अंक, जवळच्या अंकाकडे न नेता, सरळ टाकून दिले जात. बाजार तेजीत असताना निर्देशांक मात्र घसरत घसरत नोव्हेंबर 1983 मध्ये 524.811 वर आला. चूक उमगून पुन्हा मोजला तेव्हा तो 1098.892 भरला! थेंबाथेंबाने तळे भरते तसे ते रितेही होते.

आता आमची स्वतःची गोष्ट. 1987 च्या सुमारास आम्ही एका कारखान्यात भट्टीच्या तपमानावर देखरेख करणारे यंत्र तयार करीत होतो. 8086 आणि 8087 या जोडीवर ते चालत असे. मोठी कार्यप्रणाली नव्हतीच; तिच्या जागी एक छोटी व्यवस्था आम्हीच लिहिली होती. दर सेकंदाला एक मोजमाप घ्यावयाचे आणि दिवसभराच्या उष्णतेची बेरीज करीत राहावयाचे, हे बेरजेचे काम नुकत्याच नोकरीस लागलेल्या एका तरुण सहकारी भगिनीकडे होते. यंत्र सुरू झाले आणि एक विलक्षण गोष्ट दिसू लागली. काही दिवशी बेरीज कागदावरच्या हिशेबाशी जुळे. काही दिवशी ती हजारी एक-दोनने कमी भरे. कमीच भरे, जास्त कधीच नाही. त्या बाईंनी आपला प्रोग्राम पुन्हा पुन्हा तपासला. दोष सापडत नाही, असे त्या सांगत. आणि दोष तर डोळ्यांपुढे कागदावर दिसत होता. आम्ही त्यांचे वरिष्ठ. आम्ही तीन आठवड्यांनंतर वरच्या अधिकाऱ्यांना लेखी कळविले, की हे काम अननुभवी हाती दिल्याचा हा परिणाम आहे. त्यांच्याकडून ते काम काढून घेण्यात आले.

पुढे एका रात्रपाळीला आमच्या एक गोष्ट ध्यानात आली. ज्या दिवशी मुकादम पडद्यावर तपमान पाहण्यासाठी एक बटण दाबी, त्याच दिवशी बेरीज चुके. ते बटण दाबले की बेरजेचा प्रोग्राम मध्येच थांबे, आमचा एक लहानसा प्रोग्राम धावे, आणि पुन्हा बेरीज पुढे चालू होई. आमच्या त्या प्रोग्रामात तपमानाचा अपूर्णांक टाकून पूर्णांक दाखवावयाचा होता. त्यासाठी आम्ही 8087 ला "पुढचे अंक टाकून दे" अशी आज्ञा दिली होती; आणि काम झाल्यावर ती परत फिरविण्यास विसरलो होतो! म्हणजे बटण एकदा दाबले, की त्यानंतर दिवसभर त्या बाईंची बेरीज प्रत्येक सेकंदाला कणभर खाली तुटत असे. जागा वाचविण्यासाठी बेरीज लहान मापात ठेवली होती, म्हणून दिवसाकाठी होणारा घाटा डोळ्यांना दिसू लागला. तंबोऱ्याची तार आम्ही उतरविली आणि बेसूर ठरली ती गायिका!

आम्ही दुसऱ्या दिवशी चूक लेखी कबूल केली आणि त्या बाईंची क्षमा मागितली. त्यांनी ती मोठ्या मनाने केली. परंतु त्यांच्याकडून गेलेले काम काही परत आले नाही, आणि काही महिन्यांनी त्या नोकरी सोडून गेल्या. त्या घटनेची बोच आज इतक्या वर्षांनंतरही आमच्या मनात आहे, आणि आजच्या विषयाची निवड तिच्यामुळेच झाली, हे आपल्यापासून लपवून ठेवण्याचे कारण नाही.

जी दक्षता त्या वेळी आमच्याकडून घेतली गेली नाही, ती कार्यप्रणालीला सेकंदातून शेकडो, प्रसंगी हजारो वेळा घ्यावी लागते. आपणांस वाटते की संगणक एकाच वेळी पत्र लिहू देतो, गाणे ऐकवितो आणि छायाचित्रही उघडतो. वस्तुतः प्रोसेसरचा एक गाभा एका क्षणी एकाच प्रोग्रामचे काम करीत असतो. पण प्रत्येकाला इतक्या छोट्या पाळ्या मिळतात, की कोणालाच खंड जाणवत नाही. पाळी बदलताना जाणाऱ्याची रजिस्टरे स्मृतीत, म्हणजे मेमरीत, उतरवून ठेवावयाची आणि येणाऱ्याची पुन्हा भरावयाची. 8086 ची स्वतःची रजिस्टरे 14, प्रत्येकी 2 बाइट, म्हणजे सारे मिळून 28 बाइट. ते उतरविणे सोपे. पण शेजारच्या 8087 चे 94 बाइट म्हणजे त्याच्या तिप्पटीहून अधिक ओझे. आणि ते नुसते उतरवून ठेवावयालाच घड्याळाचे सुमारे दोनशे ठोके लागत.

येथे व्यवहारी माणसाच्या मनात एक विचार येतो. त्या काळी बहुतेक प्रोग्रामांना अपूर्णांकांचे गणित लागतच नसे. पत्रलेखनाच्या प्रोग्रामला ते कशाला? दोन गायनांच्या मध्ये आभारप्रदर्शन असेल, तर तंबोरे उतरवून पुन्हा चढविण्याचा खटाटोप कशासाठी करावा? तंबोरे आहेत तसेच राहू द्यावेत, फक्त त्यांच्यावर एक चिठ्ठी लावावी, की "हात लावण्यापूर्वी विचारावे". आभार मानणारा हात लावणारच नाही, आणि पहिली गायिका परत आली की तिची जुळणी आयती तयार! मध्ये दुसरी गायिका आलीच, तर ती विचारील, आणि तेव्हा पाहता येईल.

प्रोसेसर घडविणाऱ्यांनी ही चिठ्ठी खरोखरच करून दिली. 1982 च्या 80286 प्रोसेसरमध्ये एका बिटाची खूण ठेवण्यात आली. प्रोग्राम बदलला की ती खूण उमटते. नव्या प्रोग्रामने फ्लोटिंग पॉइंटची कोणतीही आज्ञा दिली, की ती आज्ञा अडते आणि कार्यप्रणालीला हाक जाते. मग कार्यप्रणाली रजिस्टरांची अदलाबदल करते, खूण पुसते, आणि प्रोग्राम जेथे अडला होता तेथून पुढे जातो. आपण अडलो होतो हे त्याला कळतही नाही. या पद्धतीला "लेझी", आळशी, असे नाव मिळाले. नाव थट्टेचे असले, तरी तो आळस शहाण्याचा होता. जे काम कदाचित करावेच लागणार नाही, ते आधी करू नये, हा काटकसरीचा नियम. 1991 साली लिनस टोरव्हाल्ड्स यांनी लिनक्सचा आरंभ केला, तेव्हापासून पुढची कित्येक वर्षे त्यातही हीच रीत होती; आणि इतर अनेक कार्यप्रणालींतही ती होती.

आणखी एक नियम लिनक्सने पाळला, तोही सांगण्यासारखा आहे. कार्यप्रणालीचा गाभा स्वतः फ्लोटिंग पॉइंटचे गणित करीतच नाही. तंबोरे सांभाळणाऱ्याने स्वतः गावयास बसू नये, हे उत्तम! क्वचित कामाच्या निकडीने ती रजिस्टरे वापरावी लागलीच, तर "आरंभ करतो" आणि "संपविले" अशा दोन स्पष्ट सूचनांच्या मध्येच ती वापरावयाची, आणि तत्पूर्वी आधीच्या मालकाची जुळणी जपून ठेवावयाची. आमच्या बटणाच्या प्रोग्रामात नेमक्या ह्याच दोन ओळी नव्हत्या.

असो. काळ पुढे गेला, आणि तंबोरे मोठे होऊ लागले. 1989 च्या 80486 मध्ये हा विभाग प्रोसेसरच्याच अंगात आला. 1997 साली चित्र आणि ध्वनी यांच्यासाठी एम.एम.एक्स. नावाच्या नव्या आज्ञा आल्या. त्यांना निराळी रजिस्टरे न देता जुन्याच आठ रजिस्टरांत जागा दिली. कारण नवी रजिस्टरे दिली असती, तर ती कशी सांभाळावयाची हे तत्कालीन कार्यप्रणालींना ठाऊक नव्हते. एका घरात दोन बिऱ्हाडे राहिली, आणि भांडणेही झाली. पण घरमालकाला काही बदलावे लागले नाही. 1999 साली एस.एस.ई. आले, ते खरोखरीच नवी रजिस्टरे घेऊन. आता जुळणीची नोंद ठेवण्यासाठी 512 बाइटांची जागा लागू लागली. आणि "मला हे सांभाळता येते" असे कार्यप्रणालीने प्रोसेसरला एका खुणेने कळविल्याखेरीज त्या आज्ञा चालत नसत. 2011 साली रजिस्टरे दुप्पट रुंद झाली. 2017 पासून मोठ्या सर्व्हर-संगणकांत प्रत्येकी 64 बाइटांची 32 रजिस्टरे आली. त्यांचेच 2048 बाइट होतात. आणि 2023 साली बाजारात आलेल्या काही प्रोसेसरांत कोष्टकांच्या गुणाकारासाठी आणखी 8192 बाइटांचे दालन उघडले. 94 बाइटांपासून आपण येथवर आलो. या शेवटच्या दालनासाठी लिनक्सने जानेवारी 2022 च्या आवृत्तीतच असा नियम करून ठेवला, की ज्या प्रोग्रामला ते हवे असेल त्याने आधी रीतसर परवानगी मागावी. न मागणाऱ्यावर ते ओझे लादू नये.

पण आकारापेक्षाही मोठा बदल उपयोगात झाला. ही रुंद रजिस्टरे एका वेळी पुष्कळ बाइट उचलू शकतात, म्हणून मजकुराची नुसती नक्कल करण्यासाठीसुद्धा ती वापरली जाऊ लागली. म्हणजे पत्र लिहिणाराही आता तंबोऱ्याला हात लावू लागला! प्रत्येक जण हात लावणारच असेल, तर चिठ्ठी वाचण्यासाठी थांबणे हाच उलट खोळंबा. शिवाय 2010 च्या सुमारास गुप्तलेखनाच्या खास आज्ञा प्रोसेसरमध्ये आल्या, आणि त्यांच्या गुप्त किल्ल्या याच रजिस्टरांत ठेवल्या जाऊ लागल्या. ज्या कप्प्यांत पूर्वी भट्टीचे तपमान असे, त्यांत आता लोकांच्या तिजोरीच्या किल्ल्या आल्या. चिठ्ठी मात्र जुनीच राहिली.

2018 साली जे घडले ते समजण्यासाठी आजच्या प्रोसेसरची एक खोड जाणून घ्यावयास हवी. तो उतावळा आहे. परवानगीचा निकाल लागण्यापूर्वीच पुढचे काम तो अंदाजाने करून ठेवतो, आणि परवानगी नाकारली गेली तर केलेले टाकून देतो. पाहुणे "हो" म्हणण्यापूर्वीच चहाचे आधण ठेवणाऱ्या एखाद्या आचाऱ्यासारखे हे आहे. पाहुणे "नको" म्हणाले तर चहा ओतून टाकला, झाले. परंतु समजा, त्या आचाऱ्याला एका बंद पाकिटातील आकडा पाहून त्या क्रमांकाचा डबा फडताळातून काढावयास सांगितले होते. पाकीट उघडण्याची परवानगी नाही, हे कळेपर्यंत त्याने ते उघडले, आकडा वाचला आणि डबाही खाली काढला. मग पाकीट मिटले, चहा ओतला, सारे नाकबूल झाले. पण डबा मात्र ओट्यावरच राहिला! ज्याला आकडा हवा होता, त्याने केवळ कोणता डबा हाताशी आहे एवढे पाहिले तरी पुरे. प्रोसेसरमधील हा ओटा म्हणजे कॅश नावाची जलद स्मृती. कोणती वस्तू तेथे आहे हे ती मिळण्यास लागलेल्या वेळावरून ओळखता येते.

आळशी पद्धतीत नेमके हेच झाले. पहिल्या प्रोग्रामची रजिस्टरे तशीच पडून, वर फक्त चिठ्ठी. दुसरा प्रोग्राम हात लावतो. चिठ्ठीचा अडसर लागण्यापूर्वीच उतावळा प्रोसेसर पहिल्याच्या संख्या घेऊन चार पावले पुढे जातो. मग अडसर लागतो, सारे मागे फिरते, पण डबा ओट्यावर राहतो. काही कार्यप्रणालींत जाणाऱ्याच्या संख्या लगेच स्मृतीत नोंदविल्या जात असत हे खरे. पण नोंद केली म्हणून तारा उतरत नाहीत. रजिस्टरांत त्या संख्या येणाऱ्याला दिसतील अशा शिल्लक असतच. 13 जून 2018 रोजी हा दोष अधिकृतपणे जाहीर झाला. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांना तो लागू होता. युरोपातील काही संशोधकांनी तो शोधून काढला होता.

उपाय कोणता? नवी चिप नको, नवे यंत्र नको. फक्त आळस सोडावयाचा. पाळी बदलली की लगेच, कोणी मागो अथवा न मागो, जाणाऱ्याची जुळणी उतरवावयाची आणि येणाऱ्याची चढवावयाची. या पद्धतीला "ईगर", तत्पर, म्हणतात. विशेष असे, की लिनक्सच्या मे 2016 च्या आवृत्तीपासून सर्व प्रोसेसरांवर हीच पद्धत नेहमीची झाली होती. कारण सुरक्षिततेचे नव्हते. नव्या यंत्रांवर तत्परताच सोपी आणि बहुधा जलदही ठरते, असे आढळून आले होते. ज्यांनी हिशेब वेळेवर पुन्हा मांडला, त्यांना संकट आले तेव्हा फारसे काही करावे लागले नाही. ज्या ठिकाणी जुन्या आवृत्त्या किंवा जुनी रीत चालू होती, तेथे धावपळ झाली.

यावरून काटकसर वाईट, असा निष्कर्ष मात्र आपण काढू नये. बचतीचे निर्दोष मार्गही आहेत, आणि त्यांतील एकाचा संबंध आपल्या पुण्याशी येतो. 1988 साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 साली "परम 8000" हा महासंगणक सिद्ध झाला. त्यात ब्रिटनमधील इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर होते. त्यांतील टी-800 या जातीची रचना मोठी विचारपूर्वक केलेली होती. साध्या कामांची अदलाबदल केवळ अशाच आज्ञांपाशी होई, की जेथे गणिताच्या कप्प्यांत जपण्यासारखे काही उरलेलेच नसते. म्हणजे गायिकेने समेवर येऊन तंबोरा खाली ठेवल्यावरच दुसरीला हाक. आणि तातडीचे काम मध्येच आले, तर त्याच्यासाठी फ्लोटिंग पॉइंट रजिस्टरांचा निराळा संचच ठेवलेला होता. पहिल्यांना हात लावण्याची वेळच येत नसे.

दुसरे उदाहरण आजचे आहे. बर्कले येथे 2010 साली आरंभ झालेल्या रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर-रचनेत दोन बिटांत चार अवस्था लिहिल्या जातात : विभाग बंद आहे, कोरा आहे, भरलेला आहे पण नोंदीप्रमाणेच आहे, किंवा नोंदीनंतर बदललेला आहे. बदललाच नसेल तर पुन्हा नोंदविण्याचे कारण नाही. मद्रासच्या आय.आय.टी.मध्ये घडविलेले "शक्ती" प्रोसेसर याच रचनेवर आधारलेले आहेत. इंटेलच्या नव्या आज्ञांतही जेवढे बदलले तेवढेच उतरविण्याची सोय आहे. हीसुद्धा बचतच, पण येथे नोंदवहीत आधीच असलेले पुन्हा लिहिण्याचे श्रम वाचतात. दुसऱ्याची वस्तू उघड्यावर टाकून वाचविलेले हे श्रम नव्हेत. दोन बचतींतील हा भेद आमच्या मते आजच्या भाषणाचे सार आहे.

बंधुभगिनींनो, 1982 साली ज्यांनी ती एका बिटाची चिठ्ठी योजली, त्यांनी चूक केली असे आम्ही म्हणणार नाही. त्या दिवसाच्या परिस्थितीत ती योजना शहाणपणाची होती. तिच्याखालची जमीन मात्र हळूहळू सरकत गेली. वापरणारे बदलले, कप्प्यांतील वस्तू बदलल्या, प्रोसेसर उतावळा झाला. आणि छत्तीस वर्षांनी कळले, की "हात लावण्यापूर्वी विचारावे" ही चिठ्ठी म्हणजे कुलूप नव्हे. जुनी व्यवस्था चालू आहे म्हणून ती बरोबर आहे, असे न मानता, ती कोणत्या कारणासाठी केली होती आणि ते कारण आज शिल्लक आहे काय, हे मधूनमधून तपासून पाहावे, एवढाच याचा बोध.

आपले मंडळही पन्नास वर्षे एकाच सभागृहात कितीतरी बिऱ्हाडे नांदवीत आले आहे. सकाळी बालवर्ग, दुपारी भगिनी मंडळ, संध्याकाळी नाटकाची तालीम, रविवारी मराठीचा वर्ग. घरापासून इतक्या दूर प्रत्येकाला ही जागा आपलीच वाटावी, असे ज्यांनी केले, त्यांची नावे बहुधा कोणत्याही पत्रिकेवर छापली गेली नाहीत. तालीम संपल्यावर बाके पुन्हा बालवर्गासाठी मांडून, दिवे मालवून, किल्ली जागेवर ठेवून ते घरी गेले. कार्यप्रणालीचे काम याहून निराळे नाही. ते नीट झाले तर कोणाला दिसत नाही, आणि बिघडले तर दोष भलत्याच्याच माथी बसतो. तो दोष देण्यापूर्वी आपल्या हातची तार आपण तपासली आहे काय, हे आम्ही त्या रात्रपाळीनंतर शिकलो. जिला ते आमच्याकडून आधीच अपेक्षित होते, ती मात्र आमच्या शिकण्याची वाट पाहात थांबू शकली नाही.